हार्डडिस्कमध्ये समुद्र आहे, पण सापडत नाही

खाडीकाठ

मंडळी, प्रश्न तांत्रिक आहे, पण उत्तर देणारी माणसं इथेच भेटतील असं वाटतं.

दापोली-गुहागर पट्ट्यात आम्ही तिघं जण आवाज टिपत फिरतो. लाटा, बंदर, पाऊस, पालखी, रहाट, होड्यांची इंजिनं, जे हाती लागेल ते. लघुपट करणारी मुलं मागतात, श्राव्यपुस्तकं करणारे मागतात, अधूनमधून मुंबईहून एखाद्या साउंड एडिटरचा फोन येतो. तिघांचे तीन रेकॉर्डर आणि नावं ठेवायच्या तीन तऱ्हा. एकाच्या फायली यंत्राने दिलेल्या नावानेच राहतात, 'झूम' आणि पुढे चार आकडे. दुसऱ्याच्या 'हर्णे', 'हर्णे नवीन', 'हर्णे नवीन खरा' अशा. तिसरा फक्त तारीख घालतो. आता सगळ्यांचं मिळून चार टीबीच्या एका डिस्कवर आणलंय.

गेल्या आठवड्यात मागणी आली: "रात्रीचा समुद्र, शांत, लांबून. कुत्री नकोत." असा तुकडा आपल्याकडे आहे हे तिघंही छातीठोकपणे सांगत होतो. एकेक फाइल ऐकत तो शोधेपर्यंत समोरच्याने दुसरीकडून काम भागवलं.

तर विचारायचंय ते हे. फोल्डर नीट लावले तर भागतं का, की या कामाचं खास सॉफ्टवेअर घ्यावंच लागतं? घ्यायचं तर कुठलं? काहींच्या किमती ऐकूनच घेरी येते. आणि टॅग मराठीत लिहावेत की इंग्रजीत?

कौलारू

सॉफ्टवेअरच्या नादी लागू नका. गावाच्या नावाने फोल्डर, त्यात विषयाचा फोल्डर, त्यात फाइल. हर्णेत मासळीचा लिलाव, आंजर्ल्यात समुद्र, झालं. मी पहिल्यापासून असंच करत आलोय. संगणक बदलले, विंडोज बदलली, माझं काही अडलं नाही. तुमचा तो डेटाबेस एकदा बिघडला की बसा बोंबलत.

भरतीओहोटी

कौलारू, तुमचं अडत नाही कारण तुमच्या लायब्ररीचं शोधयंत्र तुमचं डोकं आहे. ते खाडीकाठ यांच्या मित्राला उधार देता येत नाही. :)

(ओळख: मुंबईत मालिका-चित्रपटांचं साउंड एडिटिंग करतो, गाव मालवण.)

मिरकरवाडा बंदरात पाऊस पडतोय आणि तुम्ही पत्र्याच्या शेडखाली उभं राहून ट्रॉलरचं इंजिन सुरू होताना टिपलंत. ही फाइल कुठे ठेवणार? रत्नागिरीत, पावसात, पत्र्यात, बंदरात की इंजिनात? फोल्डरमध्ये ती एकाच जागी बसणार. मागणारा तर गावाच्या नावाने कधीच मागत नाही. त्याला 'पत्र्यावर पाऊस, मध्यम, आतून' एवढंच हवं असतं. बंदर कुठलं याच्याशी त्याला देणंघेणं नाही.

ही सॉफ्टवेअरं मुळात काय करतात ते सांगतो, म्हणजे भीती जाईल. डिस्क एकदा वाचून काढायची, फायलींची नावं आणि फायलींच्या आत लिहिलेली माहिती आपल्या डेटाबेसात घ्यायची. मग दोन शब्द टाइप केले की यादी समोर, वेव्हफॉर्म दिसतोय, स्पेसबार दाबला की आवाज सुरू. हवा तेवढाच तुकडा निवडायचा आणि ओढून टाइमलाइनवर टाकायचा. स्टुडिओत साउंडमायनर आणि बेसहेड जास्त दिसतात. साउंडली त्यामानाने सोपं आहे, त्याचा फुकटचा प्रकारही आहे, पण त्यात स्वतःच्या फायली किती जोडता येतील यावर मर्यादा असते. तुमच्यासारख्यांना मी रीपर हे रेकॉर्डिंग-एडिटिंगचं सॉफ्टवेअर सांगेन. त्याचा सवलतीतला परवाना ६० डॉलरचा, आणि त्यातला मीडिया एक्स्प्लोरर फोल्डरचा डेटाबेस करतो, फायलींमधला मेटाडेटा, म्हणजे ती आत लिहिलेली माहिती, वाचतो, शोधात 'हे हवं, ते नको' असंही चालतं. रेकॉर्डिंग साफ करायला तुम्ही बहुतेक तेच वापरत असाल, म्हणजे नवीन खर्च शून्य.

पण सॉफ्टवेअर हा या कामातला छोटा भाग आहे. फाइलच्या आत काही लिहिलेलंच नसेल तर साउंडमायनरसुद्धा 'झूम' आणि चार आकडेच दाखवणार. आधी काय लिहायचं ते ठरवा, कशाने शोधायचं ते नंतर.

थेंब

वाचतेय. पॉडकास्टसाठी असंच रडगाणं आहे. "फाइलच्या आत लिहायचं" म्हणजे नक्की कुठे? गाण्यांच्या एमपीथ्रीत गायकाचं नाव असतं तसं?

भरतीओहोटी

तसंच, पण वेव्ह फायलीत. युरोपियन ब्रॉडकास्टिंग युनियनने १९९७ मध्ये ब्रॉडकास्ट वेव्ह नावाचा प्रकार ठरवला. साधीच वेव्ह, फक्त आत एक जादा कप्पा, बेक्स्ट नावाचा. त्यात वर्णन, कोणी टिपलं, तारीख, वेळ हे बसतं. पुढे आयएक्सएमएल नावाचा दुसरा कप्पा आला, तो जास्त ऐसपैस आहे. ही माहिती फाइलबरोबर प्रवास करते. डिस्क बदला, नाव बदला, मॅकवर न्या, ती आतच राहते. कौलारूंना डेटाबेस बिघडायची भीती वाटते ना, त्यावर उत्तर हेच. माहिती फायलींत असेल तर डेटाबेस खुशाल पुसा, पुन्हा डिस्क वाचायला लावा, सगळं जागेवर. प्रोग्रॅमच्या डेटाबेसातच तेवढं लिहून फायली कोऱ्या ठेवल्या तर मात्र बोंबलायची वेळ येते खरी. म्हणून नवीन प्रोग्रॅम घेताना पहिली चौकशी ही करा की तुमचा मजकूर तो फाइलमध्ये लिहितो का.

लिहायला बीडब्ल्यूएफ मेटाएडिट हा फुकट, मुक्तस्रोत प्रोग्रॅम आहे. बेक्स्टमधली माहिती सीएसव्ही फाइलमधून एकगठ्ठा भरता येते. म्हणजे एक्सेलमध्ये बसून शंभर फायलींची वर्णनं लिहायची आणि एका फटक्यात आत ढकलायची.

आता नावांबद्दल. युनिव्हर्सल कॅटेगरी सिस्टिम म्हणजे यूसीएस बघा. टिम निल्सन, जस्टिन ड्रुरी आणि काय पॅक्विन या साउंडवाल्यांनी ती तयार केली, २०२० मध्ये सगळ्यांसाठी फुकट खुली केली. ८.२ आवृत्तीत ८२ मुख्य वर्ग आणि ७५३ उपवर्ग आहेत. पत्र्यावरच्या पावसाला रेन वर्गातला मेटल उपवर्ग, पानांवरच्या पावसाला त्याच वर्गातला व्हेजिटेशन, किनाऱ्याच्या एकंदर वातावरणाला अँबियन्समधला सीसाइड. प्रत्येक उपवर्गाला छोटं सांकेतिक नाव आहे आणि ते फाइलच्या नावात सर्वांत आधी येतं. मग आवाजाचं थोडक्यात नाव, शक्यतो २५ अक्षरांच्या आत, मग टिपणाऱ्याची आद्याक्षरं, शेवटी संग्रहाचं किंवा प्रकल्पाचं नाव. चार भागांच्या मध्ये अंडरस्कोर. तो अंडरस्कोर नावात इतरत्र वापरायचा नाही, कारण प्रोग्रॅम त्याच्यावरूनच भाग पाडतात. रीपरवाल्यांसाठी आरॉन सेंडन यांची या पद्धतीने नावं बदलणारी स्क्रिप्ट आहे, तीही फुकट.

कौलारू

७५३ उपवर्ग! त्यातला कुठला लावायचा हे ठरवता ठरवता भरतीची ओहोटी होईल.

भरतीओहोटी

सगळे लागत नाहीत हो. कोकणात टिपणाऱ्याला फार तर तीसचाळीस लागतील. तेवढ्यांची यादी छापून भिंतीवर चिकटवा.

सुरंगी

मराठीबद्दल कोणी बोललं नाही, म्हणून मी. भाषातंत्रज्ञानात काम करते, ध्वनीतलं फारसं कळत नाही, पण शोध का फसतो ते कळतं.

बेक्स्टमधलं वर्णनाचं खानं २५६ अक्षरांचं आहे आणि ते आस्कीसाठी, म्हणजे साध्या रोमन अक्षरांसाठी केलेलं आहे. काही प्रोग्रॅम त्यात देवनागरी लिहू देतात, पण दुसऱ्या प्रोग्रॅममध्ये उघडलं की भुताटकीची चिन्हं दिसतात. शिवाय यूटीएफ-८ मध्ये, म्हणजे सगळ्या लिप्या साठवायच्या पद्धतीत, देवनागरीचं एकेक चिन्ह तीन बाइट खातं. काना, मात्रा, हलन्त सगळे वेगळे मोजले जातात. २५६ बाइटांत तुमची जेमतेम ८५ चिन्हं बसणार, त्यात 'श्रीवर्धनच्या किनाऱ्यावरील' एवढ्यानेच २६ गेली. आयएक्सएमएलमध्ये ही अडचण नाही, तिथे यूटीएफ-८ चालतं. तेव्हा बेक्स्टमध्ये रोमन, आयएक्सएमएलच्या की-वर्डमध्ये देवनागरी, अशी वाटणी करा.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची आहे. मराठीत शब्द विभक्तीला लागला की त्याचं रूप बदलतं, आणि बहुतेक शोध फक्त अक्षरं जुळवतात. तुम्ही वर्णनात 'पावसाचा आवाज' लिहिलंत आणि 'पाऊस' शोधलंत तर काही मिळणार नाही. 'विहिरीचा रहाट' लिहून 'विहीर' शोधा, नाही मिळणार. 'होड्या' लिहून 'होडी' शोधा, तेच. 'समुद्र' मात्र 'समुद्राचा'मध्ये सापडतो, म्हणून आपल्याला वाटतं शोध चालतोय. वर्णन कसंही लिहा, पण की-वर्डच्या खान्यात मूळ रूपंच घाला: पाऊस, विहीर, रहाट, होडी, वारा.

तिसरी तर छळणारी. 'वाऱ्याचा' यातला 'ऱ्या' दोन तऱ्हांनी टंकला जातो. एका कीबोर्डात त्यासाठी ऱ हे स्वतंत्र अक्षर आहे, दुसऱ्यात साधा र, हलन्त आणि एक अदृश्य जोडचिन्ह. पडद्यावर दोन्ही हुबेहूब सारखे, संगणकाला दोन वेगळे शब्द. तिघं जण तीन कीबोर्ड वापरत असाल तर 'दऱ्या', 'वाऱ्याचा', 'किनाऱ्यावर' यांची वाट लागलीच म्हणून समजा. तिघांनी एकच कीबोर्ड ठरवा आणि मूळ रूपांचा नियम पाळा. 'वारा' आणि 'किनारा' यांत तो 'ऱ्या' येतच नाही, अर्धी कटकट तिथेच मिटते.

खाडीकाठ

सुरंगीताई, हे सोन्यासारखं आहे. आमच्यातला एक जण फोनवरून टॅग लिहितो, दुसरा संगणकावर इनस्क्रिप्ट कीबोर्डाने. 'किनाऱ्यावर' शोधल्यावर निम्म्याच फायली का येतात हे आत्ता कळलं.

पण मग गाऱ्हाणं असं की मुंबईचा एडिटर 'पाऊस' टाइप करणारच नाही, तो 'रेन' करणार.

भरतीओहोटी

म्हणून दोन्ही लिहायचं. यूसीएसचा वर्ग इंग्रजी आहेच, तो जगाला कळतो. रापण (किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं), पागोळ्या, पुळण (वाळूचा किनारा), खडप (किनाऱ्यावरचा खडक) हे तुमच्या स्वतःच्या शोधासाठी आणि मराठी लोकांसाठी. रापण हा शब्द देवनागरीत आणि रोमनमध्ये दोन्हीकडे टाका, आणि शेजारी 'बीच सेन' हे त्या जाळ्याचं नावही इंग्रजीत द्या. नाहीतर परदेशी माणसाला तो कुठल्या तरी वाद्याचा आवाज वाटेल.

'कुत्री नकोत' यावरही बोलू. वर्णनात 'कुत्रा नाही', 'गाडीचा आवाज नाही' असं कधीही लिहू नका. 'कुत्रा' शोधणाऱ्याला तुमची शांत रात्र मिळेल, आणि 'कुत्रा वगळून' शोधणाऱ्याला नेमकी तीच मिळणार नाही. उलट करा. ज्या फायलीत कुत्रा, मोटारसायकल, विमान, डीजे घुसलाय तिथे ते लिहा. मग 'समुद्र रात्र' आणि कुत्रा वगळा म्हटलं की उरतं ते स्वच्छ.

रापणकार

बाबानू, एक सांगू? समुद्र म्हणान टॅग केलास तर काय कळाचा न्हाय. खयचो समुद्र?

जरा शुद्धात लिहितो. पुळणीवरची लाट आणि कातळावरची लाट यांचा आवाज वेगळा हे सगळ्यांना कळतं. पण अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला आणि अष्टमीच्या भांगाला, म्हणजे पाणी कमी चढतं-उतरतं तेव्हा, तीच पुळण वेगळी वाजते. उधाणाला पाणी लांबवर जातं, ओहोटीला ओली वाळू उघडी पडते, लाट दूर फुटते. भांगाला पाणी जागच्या जागी खेळतं. भरती लागताना आणि ओहोटी सुटताना फरक पडतो तो निराळाच. तुमच्या एडिटरला हवा असलेला 'लांबून, शांत' समुद्र बहुतेक भांगाच्या दिवसातला किंवा उधाणाच्या पूर्ण ओहोटीचा असणार. म्हणून तिथी लिहा, पाणी चढतंय की उतरतंय लिहा, आणि पुळण, खडप, खाडीचं मुख, जेटी यांपैकी काय ते लिहा. वारा मतलई होता की समुद्रावरचा, तेही. किनाऱ्यावर राहणाऱ्या माणसाला हे विचारावं लागत नाही, पण फायलीला सांगावं लागतं.

सुरंगी

रापणकार, हा प्रतिसाद वेगळा लेख म्हणून यायला हवा. +१

खाडीकाठ

+१. पण हे सगळं घरी आल्यावर आठवत नाही. पालखी टिपून मध्यरात्री परत आल्यावर तिथी कोण लिहितो?

भरतीओहोटी

बोलून ठेवा. रेकॉर्डिंग बंद करण्याआधी माइकसमोर सांगायचं: गाव, जागा, कशाचा आवाज, किती अंतरावरून, पाणी चढतं की उतरतं, काय घुसलं. शेवटी बोलायचं, सुरुवातीला नाही, कारण सुरुवातीला काय मिळणार हे कुठे माहीत असतं? नंतर एक्सेल भरताना तेवढी शेपटीच ऐकायची. मूळ फायलीतून ती कापू नका.

थेंब

आगाऊ प्रश्न: आता एआय आवाज ऐकून स्वतःच टॅग लावतं म्हणे. मग एवढा उपद्व्याप कशाला?

सुरंगी

त्या दिशेने खरंच काम झालंय. आवाज आणि त्याचं लिखित वर्णन एकमेकांशी जुळवायला शिकवलेली मॉडेलं आहेत. 'पत्र्यावर जोराचा पाऊस' असं इंग्रजीत लिहिलं की एकही टॅग नसलेल्या ढिगातून ती जवळपासचे आवाज काढून देतात. खाडीकाठ यांचा जुना ढीग चाळायला त्याचा उपयोग होईल. पण ती शिकली मुख्यतः इंग्रजी वर्णनांवर. ढोलताशा ती 'ड्रम' म्हणून ओळखेल, शिमग्यातला की गणपतीतला हे सांगणार नाही. हर्णेच्या लिलावाला 'गर्दी, पुरुष, ओरडा' म्हणेल. आणि परवानगी घेतली होती का, हे तर आवाजात ऐकूच येत नाही.

भरतीओहोटी

परवानगीचं बरं काढलंत. दशावतार, नमन, जाखडी टिपत असाल तर कलाकारांचे स्वतःचे हक्क असतात. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात कलम ३८ प्रयोग करणाऱ्याच्या हक्काचंच आहे. लाटेला विचारावं लागत नाही, पखवाजवाल्याला विचारावं लागतं. कोणाला विचारलं, कशासाठी वापरायची मुभा दिली, हे त्याच फाइलच्या नोंदीत लिहा.

बाहेरून उतरवून घेतलेल्या फायलींचंही तसंच. फ्रीसाउंड या संकेतस्थळावर प्रत्येक आवाजाचा परवाना वेगळा असतो. एकाला कसलीच अट नाही, दुसऱ्याला श्रेय द्यावं लागतं, तिसरा पैशाच्या कामाला चालत नाही. बीबीसीने ३३,००० हून जास्त आवाज खुले केलेत, पण ते खाजगी, शैक्षणिक आणि संशोधनाच्या वापरासाठी, धंद्यासाठी वेगळा परवाना. हे सगळं तुमच्या डिस्कवर तुमच्या लाटांच्या शेजारी येऊन बसलं की सहा महिन्यांनी कोण कुठला ते ओळखू येत नाही. उतरवल्या दिवशीच परवाना टॅगमध्ये.

कौलारू

वाचून डोकं दुखलं, पण पटलं काही काही. तरी माझा एक मुद्दा सोडणार नाही. मूळ रेकॉर्डिंगं तारखेच्या फोल्डरात जशीच्या तशी ठेवा, त्यांना कोणत्याही प्रोग्रॅमने हात लावायचा नाही. तुमचे वर्ग-उपवर्ग कापून साफ केलेल्या प्रतींना लावा. आणि दोन डिस्क, दोन घरांत. आमच्याकडे पावसाळ्यात कपाटातल्या चपलांना बुरशी येते, डिस्क काय चीज आहे. हवाबंद डबा, सिलिका जेल, आणि महिन्यातून एकदा लावून बघायची.

भरतीओहोटी

कौलारू, शंभर टक्के मान्य. मूळ एकीकडे, कामाच्या प्रती दुसरीकडे, सगळे स्टुडिओ हेच करतात.

(अवांतर: दमट हवेत साधा कंडेन्सर माइक चरचरायला लागतो. सेनहायझरची एमकेएच मालिका वेगळ्या, रेडिओ-फ्रिक्वेन्सीच्या तत्त्वावर चालते म्हणून ती आपल्या हवेला टिकते. किंमत विचारू नका.)

खाडीकाठ

सगळ्यांचे आभार. तिघं बसून असं ठरवलंय, चुकत असेल तर सांगा.

जुन्या ढिगाला एकदम हात घालायचा नाही. ज्याची मागणी येते ते आधी: समुद्र, पाऊस, होड्या. आजपासून जे टिपू त्याची नोंद त्याच आठवड्यात. फाइलचं नाव यूसीएसप्रमाणे रोमनमध्ये. बेक्स्टच्या वर्णनात एक इंग्रजी वाक्य. आयएक्सएमएलच्या की-वर्डमध्ये देवनागरी मूळ रूपं. त्यात जागा, पृष्ठभाग, पाणी चढतं-उतरतं, तिथी, अंतर, आणि घुसखोर असेल तर तो. उदाहरणार्थ: समुद्र, लाट, पुळण, आंजर्ले, रात्र, ओहोटी, भांग, दूर, रातकिडा. परवाना आणि परवानगी वेगळ्या खान्यात. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंदीत बंदरं थंड असतात, तेव्हा पाऊस टिपायचा आणि जुना ढीग उपसायचा.

शेवटची शंका. एक जण सगळं ९६ किलोहर्ट्‌झला (सेकंदाला ९६ हजार नमुने) टिपतो, बाकी दोघं ४८ ला. एकच ठरवावं का? डिस्क किती खाते?

भरतीओहोटी

नोंदींचा आराखडा उत्तम आहे. 'रातकिडा' लिहिलात हे विशेष आवडलं, लोक नेमकं तेच विसरतात.

९६ ला २४ बिट स्टीरिओ म्हणजे मिनिटाला साधारण ३५ एमबी, तासाला दोन जीबीच्या थोडं वर. ४८ ला बरोबर निम्मं. होडीचं इंजिन, रहाट, दाराची कडी, धनेशाच्या पंखांचा आवाज, असं जे पुढे संथ करून वापरलं जाऊ शकतं ते ९६ ला. संथ केल्यावर वरच्या पट्टीतलं खाली येतं, आणि ४८ मध्ये तिथे काही नसतंच. तास तास चालणारं समुद्राचं वातावरण ४८ ला खुशाल घ्या. एडिटर बहुतेक वेळा ४८ वरच काम करतो.

फक्त लांबलचक फायली सांभाळा. साध्या वेव्हची मर्यादा चार जीबी. ९६ ला दोन तासांच्या जरा पुढे ती गाठली जाते. मग रेकॉर्डर फाइल तोडतो किंवा आरएफ६४ या मोठ्या फायलींच्या प्रकारात लिहितो, आणि आरएफ६४ सगळीच जुनी सॉफ्टवेअरं वाचत नाहीत.

खाडीकाठ

मग तासाला एक फाइल तोडतो. रीपरमध्ये डेटाबेस केलाय, पावसाच्या फायलींपासून सुरुवात. अडलं की इथेच विचारेन.

रापणकार

उधाणाचो समुद्र व्हयो आसलो तर श्रावणात देवबागाक येवा. माइक झाकून आणा, खारो वारो कोणाक सोडणा नाय.